शिष्यवृत्ती मिळाली, घर मिळाले नाही

वार लावून जेवणारा विद्यार्थी ही मराठी घरांतील एके काळची नित्याची व्यक्ती होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे वार निरनिराळ्या घरांत वाटून घेऊन खेड्यातला गरीब मुलगा शहरात शिकत असे. एखाद्या वाराला घर मिळाले नाही, तर त्या दिवशी चुरमुरे आणि वर तांब्याभर पाणी. घरोघर हिंडून शिजलेले अन्न गोळा करण्याची माधुकरी निराळी. वाराच्या मुलाला घरात पान मांडले जाई. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतही आजोबा-पणजोबांच्या आठवणी निघाल्या, की हा वाराचा मुलगा कोठेतरी डोकावतोच. कधी तो आपल्या घरी जेवणारा असतो, कधी तो स्वतः आपला पणजोबाच असतो.

या प्रथेविषयी हल्ली दोन तऱ्हांनी बोलले जाते. कोणी गहिवरून तिचे गोडवे गातात. कोणी त्या लाचारीची आठवणही नको म्हणतात. दोघांचेही खरे आहे. वाराच्या मुलाचे पान बहुधा पंक्तीच्या शेवटी असे आणि तुपाची धार तेथवर पोचेपर्यंत बारीक होई. बाजारहाट करणे, विहिरीचे पाणी ओढणे, धाकट्या मुलांचे पाढे घेणे, ही कामे कोणी न सांगता त्याच्या अंगावर पडत. परंतु आम्हांला येथे एका तिसऱ्याच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. हा मुलगा त्या घरात आठवड्यातून एकदा का होईना, पण वर्षानुवर्षे येऊन बसत असे. सात घरे म्हणजे सात कुटुंबांशी परिचय. त्यांत कोणी वकील, कोणी कचेरीतला कारकून, कोणी शाळेतला मास्तर. कोणती परीक्षा दिली असता कोणत्या खात्यात जागा मिळते, अर्ज कसा लिहावा, कोणाला कोणत्या वेळी भेटावे, हे सारे जेवता जेवता त्याच्या कानांवर पडे. उलट त्या घरालाही कळत असे, की मुलगा वेळेचा पक्का आहे, हिशेबाला चोख आहे, थोडा हट्टी आहे. पुढे कोठे जागा निघाली, तर घरचे यजमान सहज म्हणून जात, ‘मुलगा आमच्या पाहण्यातला आहे.’ त्या एका वाक्याची किंमत वर्षभराच्या जेवणाहून अधिक होती, असे आम्हांला वाटते.

गरिबी म्हणजे पैशाची टंचाई, ही व्याख्या अपुरी आहे. ज्याला कोणी ओळखत नाही आणि जो कोणाला ओळखत नाही, त्याच्या हाती पैसा आला तरी तो टिकत नाही. घरात आजारपण आले, कोर्टकचेरी उद्भवली, मुलाची दहावी झाली, की अशा प्रत्येक वळणावर त्याला विचारायला माणूस नसतो. सुस्थितीतील माणसाजवळ पैशाहून जी गोष्ट जास्त असते, ती ही माणसे.

वाराच्या प्रथेला एक भिंत होती, आणि ती उंच होती. पान मांडले जाई ते बहुतकरून जातीतल्याच मुलासाठी. ज्या मुलाला पंक्तीत बसता येत नव्हते, त्याला वार कोण देणार? राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली, ती ही अडचण नेमकी ओळखून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहू, एकत्र स्वयंपाक करू आणि एकत्र जेवू लागली. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या धान्याची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सधन घरातून आलेली ही बाई त्या मुलांची देणगीदार नव्हती. ती त्यांच्यात राहत होती.

आता बडोद्याची गोष्ट. ती गौरवाने सांगितली जाते, आणि गौरव यथार्थही आहे. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते.

मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला दिसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांची त्याच्याशी तेथे ओळख झाली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली, तेव्हा त्यांनीच त्याला श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला.

या हकिकतीत पैसा महाराजांचा आहे, पण तो योग्य हाती पोचला तो एका शिक्षकामुळे. केळूसकर धनवान नव्हते. ते अस्पृश्य समाजातलेही नव्हते. बागेत रोज दिसणाऱ्या एका मुलाकडे त्यांनी पाहिले, तो काय वाचतो ते विचारले, आणि पुढे कित्येक वर्षे ते विचारत राहिले. महाराजांच्या दरबारी जाण्याचा रस्ता त्यांना ठाऊक होता. तो त्यांनी त्या मुलासाठी मोकळा केला.

करारानुसार १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास आले. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान स्टेशनावर उतरला, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो राहायचे कोठे हा. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून, दररोज दीड रुपया देऊन त्यांनी खोली मिळविली. दुसरा मनुष्य तेथे वस्तीला नव्हता. रात्री कंदिलाच्या मंद उजेडात पुस्तक उघडून ते वेळ काढीत. सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी लोकांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना फर्मावले. तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने, तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर निघून जातील, असे सांगितले. दुसरा ख्रिस्ती होता. बायकोला विचारले पाहिजे, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास बाबासाहेबांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या टिपणांत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. बडोद्यात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने ती पाने एकदा वाचावीत, असे आम्हांला कळकळीने सुचवावेसे वाटते.

१९०६ सालीच सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा राजा गादीवर असताना हे घडले. तिजोरी उघडली होती, कायदा अनुकूल होता. बंद होती ती घरांची दारे, आणि त्या दारांवर महाराजांचाही हुकूम चालत नव्हता. गावातील एकाही सुशिक्षित कुटुंबात त्या तरुणाचा पूर्वीपासून घरोबा नव्हता. 

हुकुमाने जे होत नाही, ते राजाने स्वतः जाऊन बसल्याने कसे होते, याचा कोल्हापुरातला किस्सा याच्याशेजारी ठेवून पाहावा. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांना पाण्याला शिवल्यावरून मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि साह्य दिले. कांबळ्यांनी चहाचे दुकान काढले. दुकान झाले, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतःच आपली गाडी तेथे थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. भांडवल देणारे पुष्कळ भेटतात. दुकानात येऊन बसणारा भेटणे कठीण.

ही केवळ जुन्या काळची भावुक गोष्ट नव्हे, हे अलीकडच्या संशोधनावरूनही दिसते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवरील सात कोटींहून अधिक लोकांच्या मैत्रीची त्यांनी छाननी केली. गरीब घरातील मुले मोठेपणी किती वर चढतात, याच्याशी सर्वांत घट्ट संबंध कशाचा आढळला, तर त्या भागातील गरिबांना सुस्थितीतील मित्र किती आहेत याचा. सधन मुलांना जितके सधन मित्र असतात, त्याच प्रमाणात गरीब मुलांना लाभले, तर मोठेपणीची त्यांची मिळकत सरासरी २० टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि अमेरिका म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि त्या अभ्यासातील एक बारकावा आपल्याला चांगलाच लागू पडतो. गरीब आणि श्रीमंत एका शाळेत वा एका गावात असले, म्हणजे मैत्री होतेच असे नाही. जवळ असूनही न मिसळणे, हा दुराव्याचा जवळजवळ निम्मा भाग आहे. मात्र प्रार्थनास्थळांत एकत्र येणाऱ्या मंडळींत हे अंतर कमी आढळले. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत. तेव्हा हा निष्कर्ष आपण परका मानण्याचे कारण नाही.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल, तर दिल्लीचे घ्यावे. तेथील अनेक नामांकित खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. त्या वर्गांतल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले. ती मुले अधिक उदार झाली, गरीब मुलाशी खेळायला अधिक राजी झाली, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब म्हणून चपळ मुलाला डावलण्याची वृत्ती त्यांच्यात कमी झाली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली. गणित व हिंदीत काही फरक पडला नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने हीच तरतूद, पहिल्या वर्गातील २५ टक्के जागांची, देशभरच्या खासगी शाळांना लागू केली. आपल्या नातवंडांच्या वर्गात अशी मुले आज बसलेली असू शकतात. वाढदिवसाला बोलावण्याची यादी घरी होते, तेव्हा त्यांत त्यांचे नाव असते काय, हे आमच्या वाचक भगिनी अधिक जाणतील.

आपल्या समाजाची एक खास परिस्थितीही येथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक म्हणजे संस्थानी काळापासून स्थिरावलेली सुशिक्षित कुटुंबे, असे चित्र आपल्या मनात असते. ते आता अपुरे आहे. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली कष्टकरी मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि दुसऱ्या शहरांतही मजुरीसाठी आलेली मराठी माणसे आहेत. भाषा एक, गणपती एक, परंतु मंडळे निराळी. दोन्ही मंडळांच्या मंडपांत सारखीच आरती म्हटली जाते, आणि एकमेकांची नावेही ठाऊक नसतात.

अशा कुटुंबाला अडचण कोठे येते? महाराष्ट्रातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मूळ राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या सवलतींसाठी सर्वसाधारणपणे चालत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तसा निर्णय दिला आहे. मुलीची दहावी झाल्यावर हे कळले, तर वर्ष हातचे जाते. आधी कळले, तर दुसरा मार्ग शोधता येतो. दहावीनंतर डिप्लोमा, आय.टी.आय. की अकरावी, हा निर्णय आपल्या घरात चार फोन केल्यावर होतो. एक भाचा इंजिनियर असतो, शेजारी प्राध्यापक असतात. आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईला हे चार फोन करता येत नाहीत. तिच्या वस्तीतल्या शेजारणीच्या मुलाने जे केले, तेच तिचा मुलगा करतो. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीत कोणत्या खिडकीवर मिळतो, अर्जाची मुदत केव्हा संपते, नाकारलेल्या अर्जावर पुन्हा दाद कशी मागावी, याची माहिती असलेली माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत निवृत्त होऊन बसलेली आहेत. सकाळी फिरून आल्यावर वर्तमानपत्र संपले, की दुपारपर्यंत त्यांना काम नसते. (यात आम्हीही आलोच.)

हा वशिला झाला, असे कोणी म्हणेल. वशिला म्हणजे अपात्राला पात्राच्या पुढे काढणे. जे त्याच्या हक्काचे आहे, तेथवर त्याला पोचविणे आणि ‘या मुलाला मी ओळखतो’ असे खरेपणाने सांगणे, हा वशिला नव्हे. आपल्या स्वतःच्या मुलांसाठी आपण हे बिनदिक्कत करीत आलो आहोत.

देण्याची आपल्याला सवय आहे. दिवाळीला साडी, शाळा सुरू होताना वह्या, जुने कपडे, शिळे नव्हे तर ताजे अन्नसुद्धा. ते देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरात बाईला साडी मिळते, त्याच घरात तिच्या चहाचा कप निराळा ठेवलेला असतो, आणि तो खिडकीत पालथा असतो. त्या कपातून चहा घेणारी बाई आपल्या मुलीच्या कॉलेजचा प्रश्न तुम्हांला मोकळेपणाने कसा विचारील? ती उसने पैसे मागेल, कारण मागणे आणि देणे एवढेच नाते तिला दाखविले गेले आहे.

अहमदाबादेतील ‘सेवा’ या संघटनेचे काम पाहिले, की दुसरी रीत ध्यानात येते. कापडगिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघात काम करणाऱ्या वकील इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांची ही संघटना उभी केली. बँकांत या बायकांना कोणी उभे करीत नसे. तेव्हा १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भागभांडवल घालून स्वतःची बँक काढली. सही येत नसे, म्हणून खातेदार स्त्रीचे छायाचित्र ओळखीसाठी वापरण्याची तोड निघाली. इलाबेन शिकलेल्या घरच्या होत्या. कायदा त्यांना ठाऊक होता, अर्ज-विनंत्यांची भाषा ठाऊक होती. पण बँक हवी ही मागणी त्या बायकांची, भांडवल त्यांचे, आणि सभासदही त्याच. इलाबेन त्यांच्याबरोबर बसल्या, त्यांच्या जागी बसल्या नाहीत.

एका घराला एवढे मोठे काम झेपणार नाही. तसे कोणी मागतही नाही. एका घराने एका कुटुंबाशी दोन-चार वर्षे चिकाटीने संबंध ठेवणे, एवढे मात्र झेपण्यासारखे आहे. त्यात पहिली अडचण आपल्याच बाजूची असते. आपण बोलावतो, पण जात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कामवाली बाई आपल्या घरी येते. तिला वाण मिळते, बहुधा स्वयंपाकघराच्या दारात, इतर बायका उठून गेल्यावर. तिच्या घरीही हळदीकुंकू असते. तिचे बोलावणे ‘हो, हो, बघू’ म्हणून सोडून न देता दोघी-तिघींनी जावे. सतरंजीवर बसावे, ती देईल ते तिळगूळ घ्यावे, चहा झाला तर तोही प्यावा. पाण्याचा नळ किती वाजता येतो, म्हणून ती कामाला उशिरा का येते, हे तेथे न विचारता कळते. दहावीतली मुलगी कोठे बसून अभ्यास करते, हेही दिसते. खोली एकच, तीत टीव्ही, धाकटी भावंडे आणि रात्रपाळी करून झोपलेला बाप. आपल्या घरात मुले परदेशी गेल्यापासून एक खोली बंद असते, निदान एक टेबल रिकामे असते. परीक्षेच्या आधीचे दोन महिने रोज संध्याकाळी सहा ते नऊ ते त्या मुलीला दिले, आणि आठ वाजता घरातल्यांबरोबर तिचेही पान त्याच टेबलाशी मांडले, तर विजेच्या बिलात पडणारा फरक सांगण्याजोगाही नसतो.